कांदा जळाला, सिन्योरा खाली आल्या

आमच्या घरात कांदा क्विंटलवर मोजतात. निफाड तालुक्यात थोडं रान, घरामागे कांदाचाळ. बारावीपर्यंत मी रोपं लावली, पात कापली, चाळीत कांदा भरला, सडका निवडून बाहेर फेकला आणि लासलगावला नानांच्या मागे उभा राहून लिलावाचा पुकारा ऐकला. चिरला मात्र कधी नाही. ते आईचं काम होतं आणि स्वयंपाकघरात कुणी लुडबुड केलेली तिला खपत नसे. पीएचडीसाठी इटलीत येईपर्यंत मी विळीवर बसलोच नव्हतो.

नेपल्स विद्यापीठाचा शेतकी विभाग पोर्तिचीला आहे, बोर्बोन राजांच्या जुन्या राजवाड्यात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला व्हेसुव्हियस ज्वालामुखी. इटलीतली पहिली आगगाडी नेपल्सहून याच गावापर्यंत धावली, १८३९ मध्ये, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या चौदा वर्षं आधी. मला खोली मिळाली तिसऱ्या मजल्यावर. चौथ्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहायच्या. त्यांना सगळी इमारत नुसतं सिन्योरा म्हणायची, मीही तेच म्हणू लागलो. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या आणि भाजी, पाव वर ओढून घ्यायच्या. या टोपलीला तिकडे 'पानारो' म्हणतात. माझ्या खिडकीसमोरून ती रोज सकाळी वर-खाली जायची. कधीकधी वर जाताना माझ्या खिडकीशी थांबायची आणि वरून हाक यायची की त्यातला एक पीच उचल.

पहिले दोन महिने अंडी, पाव आणि आईने दिलेल्या चटण्यांवर निघाले. मग पेन्नेचं पाकीट आणलं. पेन्ने म्हणजे दोन्ही टोकांना तिरक्या कापलेल्या नळ्या. 'पेन्ना' म्हणजे पीस, आणि पिसाची लेखणी होते म्हणून लेखणीही. टोक पाहिलं की आपला बोरू आठवतो. नळीला असा तिरका काप देणाऱ्या यंत्राचं पेटंट १८६५ साली जेनोवाजवळच्या एका पास्तावाल्याने घेतलं. त्याआधी कात्रीने कापायचे आणि नळी चेपायची.

त्या बोरूंचं मी जे केलं ते सांगायला आता लाज वाटते. लहान पातेल्यात जेमतेम पाणी, त्यात चमचाभर तेल, नळ्या मऊ होईपर्यंत वीस मिनिटं उकळी, मग चाळणीत ओतून नळाखाली खळखळून धुणं. वर कांदा-टोमॅटो आणि कांदा-लसूण मसाला. चव वाईट नव्हती. खिचडीला नळ्यांचा आकार आला होता, इतकंच.

असाच एकदा चाळणी नळाखाली धरून उभा होतो. दार उघडं होतं. सिन्योरांचा दोरीवरून पडलेला टॉवेल माझ्या गॅलरीत आला होता, तो न्यायला त्या आल्या. आल्या त्या सरळ आत येऊन त्यांनी नळ बंद केला.

"कपडे धुतोयस का?"

त्या दिवशी मला पहिला धडा मिळाला. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाणी खळखळून उकळल्यावर मीठ, मग पास्ता. पाण्यात तेल घालायचं नाही. ते वर तरंगत राहतं आणि पास्ता उपसताना त्यालाच चिकटून येतं, मग वरचा रस त्यावर ठरत नाही, घसरून जातो. धुवायचं तर अजिबात नाही, कारण उकळताना सुटलेली खळ नळ्यांवर थोडी राहिली पाहिजे. ते गढूळ पाणी पळीभर काढून ठेवायचं. सिन्योरा म्हणाल्या, "हे पाणी ओतून देणारा माणूस पैसेही ओतून देईल." मला भाताची पेज आठवली. आमच्याकडे ती तापकऱ्याला किंवा गाईला जाते, यांच्याकडे रश्शात.

इतकं उकळूनही नळी आतून थोडी टणक राहते, त्याला 'अल देन्ते' म्हणतात, म्हणजे दाताला लागेल अशी. ही करामत गव्हाची. सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे असा कायदा इटलीने १९६७ साली केला. या गव्हातली प्रथिनं रव्यातली खळ घट्ट धरून ठेवतात. आमच्याकडे शेवयांना बन्सी गहू लागतो तो याच जातकुळीतला. पाकिटावर मिनिटं छापलेली असतात, पण सिन्योरा घड्याळाकडे बघत नसत. एक नळी उचलून चावायच्या. आतला पांढरा ठिपका दिसेनासा होण्याच्या बेतात असतानाच उपसायच्या.

पण मला सांगायचं आहे ते कांद्याचं.

शनिवारी संध्याकाळी जिन्यात वरून एक वास उतरायचा. आधी कांद्याचा उग्र, मग गोडसर, आणि रात्री झोपताना थेट मटणाच्या रश्शाचा. रविवारी दुपारपर्यंत तो माझ्या शर्टांना लागलेला असायचा. शेवटी विचारलंच. "ला जेनोवेझे," त्या म्हणाल्या. जेनोवाची असं नाव असलं तरी जेनोवात ही कुणी करत नाही. तिथे याच नावाने मागाल तर तुळशीच्या कुळातल्या बेसिलची हिरवी चटणी मिळते. नावामागे दोन-तीन कहाण्या सांगतात. सिन्योरांना आवडते ती नेपल्सच्या बंदरावर स्वयंपाक करणाऱ्या जेनोवाच्या खलाश्यांची. पदार्थ मात्र पक्का नेपल्सचा. किलोभर गोमांस, दोन किलो कांदा, थोडं गाजर, थोडी सेलरी, आणि जवळजवळ अर्धा दिवस. टोमॅटो नाही.

मी गोमांस खात नाही हे सांगताना जरा चाचरलो. कुणाला वाईट वाटू नये म्हणून आपण जसं लांबण लावून सांगतो तसं सांगितलं. त्यांना काहीच वाटलं नाही. "मग फिंता कर," म्हणाल्या. फिंता म्हणजे खोटी. ज्यांना मांस परवडत नसे त्यांची बिनमांसाची जेनोवेझे. मला हसू आलं. मासवडीत तरी मासा कुठे असतो?

सामान आणायला नेपल्समधल्या पिन्यासेक्का बाजारात गेलो. तिथे मोंतोरोचा कांदा मिळतो, तांब्याच्या रंगाचा, म्हणून त्याला 'रामाता' म्हणतात. एक उचलून हाताने दाबला, देठाशी बोट फिरवलं, सवयीने. मान बारीक, पत्ती घट्ट, चांगला सुकवलेला. दुकानदाराने विचारलं, "काय, शेतकरी का?" परदेशात मला ओळखणारा तो पहिला माणूस.

पहिली खेप मी एकट्याने केली. कागदावर लिहून घेतलं होतं, सगळं समजलं असं वाटत होतं. दोन किलो कांदा चिरायला एक तास गेला. डोळ्यांतून इतकं पाणी की शेजारच्या खोलीतल्या मुलाने घरी काही झालं का म्हणून विचारलं. मोठी आच केली, तेल तापवलं, कांदा टाकला आणि आईला बघितलं होतं तसा परतायला लागलो. आमच्याकडे काळ्या मसाल्याच्या रश्शाला कांदा खरपूस लागतो. आई तर अख्खा कांदा चुलीच्या निखाऱ्यात भाजते. वीस-पंचवीस मिनिटांत कडा तपकिरी झाल्या आणि खमंग वास सुटला. मी खुशीत.

दारावर थाप पडली. वास जिन्याने उलटा वर गेला होता.

सिन्योरांनी पातेल्यात डोकावलं. लाकडी चमच्याने एक पाकळी उचलली, फुंकली, खाल्ली. "मी कांदा शिजवायला सांगितला होता. तू भाजलास."

मराठीत आपण भाजणं, परतणं, तळणं, शिजवणं, वाफवणं एवढे शब्द वापरतो, आणि मी कांद्याच्या बाबतीत पहिल्या दोनांच्या पुढे गेलोच नव्हतो. पाणी घालून ते प्रकरण सुधारायचा प्रयत्न केला तर सगळं कडवट झालं. कांदा वाया घालवणं अंगात नाही, म्हणून दोन दिवस पावाबरोबर खाल्लं.

पुढच्या शनिवारी त्या खाली येऊन खुर्ची टाकून बसल्या आणि कशालाही हात लावणार नाही असं आधीच सांगून टाकलं. कांदा मी उभा, पातळ चिरला. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, पण ते तापू द्यायचं नाही. थंड तेलात एक गाजर आणि सेलरीचा एक दांडा अगदी बारीक चिरून, वर सगळा कांदा, चमचाभर मीठ, दोन तमालपत्रं. (हे तमालपत्र आपलं नव्हे. आपलं दालचिनीच्या सख्ख्या भावंडाचं, त्यांचं 'अलोरो' वेगळ्या झाडाचं, वासाला जास्त तीव्र.) पार्मिजानो चीजच्या वड्याची खरवडून उरलेली टणक साल सिन्योरांनी पदराच्या, म्हणजे एप्रनच्या खिशातून काढून दिली. तीही आत. झाकण. आणि आच इतकी बारीक की मी दोनदा खाली वाकून विझली तर नाही ना ते पाहिलं.

पाणी? एक थेंब नाही. मीठ कांद्यातलं पाणी ओढून घेतं, आणि कांद्यात दहात जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. अर्ध्या तासाने झाकण उघडलं तर कांदा स्वतःच्याच पाण्यात पोहत होता. पातेलं शिगोशीग भरलं होतं ते दीड तासाने निम्म्यावर आलं. या वेळचा आवाज महत्त्वाचा. नेपल्सच्या बोलीत त्याला 'पिप्पियारे' म्हणतात. एखादा बुडबुडा वर येतो, हलकेच फुटतो, मग थोड्या वेळाने दुसरा. रटरट झालं तर आच जास्त, काहीच ऐकू येत नसेल तर कमी. आपल्याकडे देवापुढे बसलेली म्हातारी माणसं पुटपुटतात, तसं पातेल्याने पुटपुटलं पाहिजे.

मी मध्येच पांढरी वाइन ओतायला निघालो तर त्यांनी हात धरला. वाइन शेवटी. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण मला ते आईकडून माहीत होतं. डाळ शिजल्याशिवाय चिंच घालायची नाही, नाहीतर डाळ दडदडीत राहते. आंबट पदार्थाने भाजीतला कांदाही लवकर मऊ पडत नाही. हेच तिथे.

दोन तासांनी झाकण काढलं. आता ढवळत राहायचं. पाणी आटत गेलं, रंग मधासारखा झाला, मग गुळासारखा, आणि कांदा ओळखू येईना. पाकळी उरलीच नाही, नुसता दाट रस. साडेतीन तासांच्या सुमाराला अर्धा पेला वाइन आणि आणखी पंधरा मिनिटं. खोलीत मटणाचा वास भरला होता. सोबतचा मुलगा बाहेरून आला आणि पहिलं वाक्य, "अरे, मांस आणलंस?" गंमत म्हणजे यात भास कमी आणि रसायन जास्त आहे. कांदा चिरला की त्यात काही गंधकयुक्त पदार्थ तयार होतात. एक डोळ्यांत पाणी आणतो तो. दुसऱ्या एका वाटेने, कांदा चिरून ओला-मंद शिजवला की, असं एक संयुग तयार होतं ज्याचा वास थेट मांसाच्या रश्शासारखा असतो आणि अगदी लेशभर असलं तरी नाकाला कळतं. म्हणजे फिंता तितकीशी खोटी नाही. हे मी सिन्योरांना मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये समजावलं. "म्हणजे गरिबांना आधीच माहीत होतं," एवढंच त्या बोलल्या.

आता नळ्या. जेनोवेझेबरोबर झितीच. झिती म्हणजे वीतभराहून लांब, गुळगुळीत, पेन्सिलीएवढ्या जाड नळ्या. दक्षिणेकडच्या बोलीत 'झिता' म्हणजे नवरी, लग्नाच्या पंगतीत हा पास्ता असायचा म्हणून हे नाव. तिकडची सगळीच नावं अशी घरगुती. मोठ्या रुंद नळ्यांना 'पाक्केरी', म्हणजे चापट्या. अंगावर रेघा असलेल्या त्या 'रिगातोनी'. आखूड जाड नळ्या 'मेत्झे मानिके', अर्ध्या बाह्या. कापलेली झितीही बाजारात मिळते, पण सिन्योरांच्या मते ती घेणं म्हणजे आळसाला पैसे मोजणं. टेबलावर स्वच्छ फडकं पसरलं आणि त्यांनी एक नळी हातात दिली. "चार तुकडे."

कट्. कट्. कट्. दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी मोडायची. सिन्योरांच्या लहानपणी हे काम पोरांना बसवून करून घेत, रविवारी सकाळी. तुकडे एकसारखे होत नाहीत, टोकं दातेरी राहतात, आणि फडक्यावर बारीक कपच्यांचा ढीग पडतो. तो मी झटकायला निघालो तर पुन्हा हात धरला गेला. त्या कपच्याही पाण्यात जातात. त्या लवकर विरघळायला येतात आणि रस दाट करतात. यंत्राने कापलेल्या झितीत नेमकं हेच मिळत नाही.

पाकिटावर ११ मिनिटं लिहिलं होतं. नवव्याला उपसल्या, सरळ कांद्यात, पळीभर खळीचं पाणी, मोठ्या आचेवर दोन मिनिटं हलवत, मग आच बंद करून किसलेलं चीज. नळीच्या आत कांद्याचा रस शिरला होता. चावली की आधी गव्हाचा टणकपणा, मग आतून तो गोड गुळगुळीत कांदा. सिन्योरांनी तीन घास खाल्ले. "जळला नाहीये," म्हणाल्या. माझ्यासाठी ती पदवी होती.

पुढे एकदा ग्रान्यानोला जाऊन आलो, पोर्तिचीहून फार लांब नाही. पास्त्याचंच गाव. २०१३ पासून त्यांच्या पास्त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या नाशिकच्या द्राक्षांना आहे तसंच. जुन्या फोटोंत भर रस्त्यात बांबूंवर पास्ता वाळत घातलेला दिसतो, आमच्या गच्चीवर कुरडया असतात तसा. मला एकच प्रश्न होता, नळीला भोक कसं पडतं? एका कारखान्यात ब्राँझचा साचा हातात घेऊन पाहिला. गोल छिद्राच्या मधोमध एक खिळा, वरून पायांवर तोललेला. कणीक दाबाने येते, खिळ्याच्या पायांपाशी फाटते आणि खाली पुन्हा सांधली जाते, म्हणून खिळ्याभोवती पोकळ उतरते. ब्राँझमुळे अंग खरखरीत राहतं आणि रस धरून ठेवतं.

हे आईला फोनवर सांगत होतो. ती म्हणाली, "मग सरगुंडे काय वेगळे असतात?" मी गप्पच झालो. आजीचं माहेर बुलढाण्याकडचं. उन्हाळ्यात ती काडीवर कणकेची वळी गुंडाळायची, अलगद काडी ओढून काढायची आणि पोकळ नळी सुपात पडायची. वाळवून ठेवायची, आमरसाबरोबर उकडून द्यायची. दक्षिण इटलीतही बायका बारीक सळईवर अशाच नळ्या वळतात. मी परदेशात तीन वर्षं नळ्या उकळत होतो आणि घरच्या नळ्या मला आठवल्याही नव्हत्या.

त्या वर्षी सुट्टीत घरी आलो ते आषाढात. मुद्दाम कांदेनवमी गाठली. आई माळकरी, एकादशीपासून चार महिने घरात कांदा बंद, त्यामुळे नवमीला भजी ठरलेली. मी जाहीर केलं की भज्यांबरोबर माझंही एक होईल. बॅगेत झितीची चार पाकिटं आणली होती. उघडली तर निम्म्या नळ्या मोडलेल्या. विमानतळावरच्या सामान फेकणाऱ्यांनी सिन्योरांचं काम आधीच केलं होतं.

चार तास गॅस जाळायला आईने साफ नकार दिला. पडवीतली चूल मिळाली. द्राक्षाच्या छाटणीची वाळकी काटकं होती. आधी जाळ करून निखारे पाडले आणि त्यावर पातेलं. खरं सांगायचं तर निखाऱ्यावर ते जास्त चांगलं पुटपुटलं. कांदा आमच्याच चाळीतला, उन्हाळ. तो मोंतोरोच्या मानाने तिखट आणि कमी पाण्याचा, म्हणून सुरुवातीला वाटीभर पाणी घालावं लागलं आणि तासभर जास्त लागला. वाइन आईच्या भांड्यात चालणार नव्हती, शेवटी थोडं लिंबू पिळलं. पार्मिजानोही बाद, कारण ते विरजायला वासराच्या पोटातला पदार्थ लागतो. दक्षिण इटलीत चीज न परवडणारे शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत परतून वर घालतात. तसा बेकरीच्या पावाचा चुरा केला. आई येता-जाता बघून जायची. दुसऱ्या तासाला म्हणाली, "अरे, त्याला परतव तरी. नुसता काय रडवत ठेवलाय?"

जेवायला बसलो. आईने एक नळी बोटांनी उचलून आरपार बघितली आणि मग खाल्ली. गोड आहे म्हणाली, वर थोडा काळा मसाला हवा म्हणाली, आणि घेतलाही.

नाना गप्प जेवत होते. त्या वर्षी कांद्याला भाव नव्हता, चाळ भरलेली होती. बऱ्याच वेळाने विचारलं, "किती कांदा गेला याला?"

"दोन किलो."

"एका जेवणाला?"

"चार माणसांच्या."

"तिकडं काय भाव?"

"किरकोळीत दोन युरो किलो. म्हणजे पावणेदोनशे-एकशेऐंशी रुपये."

नानांनी ताट थोडं पुढे सरकवलं, आईने पळीभर आणखी वाढलं. मनात हिशेब चाललेला दिसत होता.

"आणि पट्टी रोख देतात का तिकडं?"